मोहोळ, गवा, फुरसं आणि मग बिबट्या: सातारा-सांगलीच्या डोंगरात जनावरांपासून कसं जपायचं

वासोट्याला निघालेल्या कुठल्याही गटाला विचारा, भीती कशाची वाटते? उत्तर ठरलेलं असतं: बिबट्याची. किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, त्यामुळं वाघही मनात डोकावून जातो. पण या दोन जिल्ह्यांच्या डोंगरात फिरणाऱ्याला दवाखान्याची पायरी चढायला लावतात त्या आग्या माश्या, दगडाखालचं फुरसं (छोटा विषारी साप), वळणावर अचानक समोर आलेला गवा आणि धनगराच्या वाड्यावरची कुत्री. बिबट्या यादीत आहे, पण बराच खाली. त्यामुळं तयारीही त्याच क्रमानं करावी.

निघण्याआधी

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. वासोट्यासाठी बामणोलीला वन विभागाकडं नावं नोंदवायची, लाँचनं शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडायचा, आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. किल्ल्यावर मुक्काम नाही, पावसाळ्यात वाट बंद. नोंदणीची कटकट वाटते खरी, पण सकाळी बारा माणसं गेली आणि संध्याकाळी अकराच आली हे कुणाच्या लक्षात येणार असेल तर त्या वहीमुळंच. चोरवाटेनं शिरलेल्याला शोधायला कुणी येत नाही, कारण तो आत आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

पायथ्याच्या गावात ‘इथं बिबट्या आहे का’ असं विचारू नका. उत्तर ‘हाय की’ असंच येणार, आणि त्यातून हाती काही लागत नाही. विचारायचं ते हे: मोहोळ कुठल्या कड्याला बसलंय? गवं कुठल्या पाण्यावर येतात? अस्वल हल्ली कुणाला दिसलं का, आणि कुठल्या अंगाला? गुराखी आणि वनमजूर याची उत्तरं नेमकी देतात. वाटाड्या घ्यायचा तोही याच कारणासाठी. वाट मोबाइलवरच्या नकाशातही सापडते, कालचं मोहोळ त्यात सापडत नाही.

सामान फार लागत नाही. छातीपर्यंत येईल अशी कळकाची काठी, तिला वर चार-पाच घुंगरं बांधलेली. उसाच्या पट्ट्यात रात्री पाण्याला जाणारे शेतकरी अशी घुंगरू-काठी वापरतात. जनावराला माणसाची चाहूल आधीच लागते. डोक्यावर बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड मोजे, सैल पूर्ण पँट. कपडे फिक्या रंगाचे. आग्या माश्या गडद रंगावर आणि केसांवर जास्त तुटून पडतात. माणशी एक पातळ सुती चादर किंवा डोक्यावर ओढायची मच्छरजाळी. १५ सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेजं दोन, अंगाचा साबण, आणि डॉक्टरांना विचारून ॲलर्जीवरच्या सेट्रिझिनच्या गोळ्या. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. सगळ्यांच्या सॅकच्या तळाशी मिळून एक असलेली शिट्टी कुणाच्या कामाची नाही.

गट चार ते आठ जणांचा बरा. लहान मुलं मध्ये, पुढं आणि शेवटी जाणते. शेवटच्यानं मागं रेंगाळायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

आग्या मोहोळ

वाईजवळच्या पांडवगडापासून पाटणच्या जंगलातल्या किल्ल्यांपर्यंत, जिथं उभा कडा आहे तिथं पावसाळ्यानंतर आग्या मोहोळ बसलेलं असू शकतं. कड्याच्या पुढं आलेल्या कपाळाखाली किंवा उंच झाडाच्या आडव्या फांदीला लटकलेला, अर्ध्या भाकरीच्या आकाराचा काळपट पडदा. रुंदी दीड-दोन हात, कधी त्याहून जास्त. हा पडदा मेणाचा दिसत असला तरी बाहेरून असतात त्या एकमेकींना धरून थरावर थर बसलेल्या माश्याच. लांबून टक लावून बघितलं तर त्यावरून अधूनमधून एक लाट सर्रकन फिरताना दिसते, तळ्यात खडा टाकावा तशी. गांधीलमाशी किंवा पक्षी जवळ आला की माश्या एकीपाठोपाठ एक पोट वर उचलतात, त्याची ती लाट. तुम्ही पुढं सरकल्यावर लाटा वाढल्या, तर तो इशारा तुम्हाला आहे. बोलणं बंद करायचं आणि आल्या पावली मागं फिरायचं.

जंगलात एरवी आवाज करत चालावं, हे गवा आणि अस्वलासाठी बरोबर. मोहोळाखाली मात्र उलट. तिथं शिट्टी नाही, घुंगरू नाही, आरोळी नाही. ‘जय भवानी’ची आरोळी माथ्यावर मोकळ्यात द्या, कड्याच्या पोटात किंवा दरवाज्याच्या घळीत दिलेली आरोळी घुमून मोहोळावर आदळते. माश्या उठवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा आपल्याच असतात: कड्याखाली पेटवलेली चूल, वरून गडगडलेला दगड, ड्रोन, फटाका, अंगावरचं अत्तर. कधी मधुबाज पक्षी पोळ्यावर झडप घालून निघून जातो आणि खालून चाललेल्या माणसांवर राग निघतो. त्याला इलाज नाही, म्हणून मोहोळाखालची वाट थांबे न घेता, एकेकानं, पण न पळता पार करायची. तिथं पाणी प्यायलाही बसू नका.

माश्या उठल्याच तर:

पहिल्या दोन-चार माश्या डोक्याभोवती घोंघावतात तेव्हाच चादर डोक्यावरून ओढून तोंड-नाक झाका आणि निघा. हात हलवू नका, मारू नका. चिरडलेली किंवा डसलेली माशी एक वास सोडते, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो वास बाकीच्यांना ‘इथंच मारा’ असं सांगतो. एक डसली की त्याच जागी दहा डसतात ते यामुळं.

पळा ते वाटेनं, आल्या दिशेला. कड्यावरच्या हल्ल्यांत माश्यांइतकीच भीती घाबरून दरीत जाण्याची असते. आग्या माश्या काही शे मीटर सहज पाठलाग करतात, त्यामुळं पन्नास पावलांवर थांबून उपयोग नाही. बंद गाडी, घर, देऊळ मिळालं तर उत्तम. नाही तर कारवीच्या दाट झुडपांत शिरून चादरीखाली दबून निश्चल पडायचं. टाक्यात किंवा पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात, आणि श्वास घ्यायला डोकं तर बाहेर काढावंच लागतं.

माश्या हटल्यावर काटे काढा, लगेच. नखानं खरवडा किंवा चिमटीनं ओढा, पद्धतीवरून वाद घालत बसू नका. काट्याला चिकटलेली विषाची पिशवी आकसत राहते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच बहुतेक विष आत जातं. मग साबणानं धुवा, अंगठी-बांगडी-घड्याळ काढा.

डसलेल्या जागी सूज ही ठरलेली गोष्ट. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, दम लागणं, आवाज बसणं, उलटी, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर ती ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया असते. तिला मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, सेट्रिझिननं ती थांबत नाही. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करा आणि खाली न्या. दम लागत असेल तर टेकून बसवा. काटे पन्नासच्या पुढं असतील तर माणूस हसत असला तरी दवाखाना. विषामुळं स्नायू आणि रक्तपेशी फुटून पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं अडचणीत येऊ शकतात. लघवी तांबूस-काळपट झाली की समजायचं.

गवा

कोयना, जावळी, महाबळेश्वर, चांदोली या सगळ्या पट्ट्यात गवा आहे. पूर्ण वाढलेला नर आठशे किलोच्या पुढं, खांद्यापाशी माणसाएवढा उंच, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. स्वभावानं तो भित्रा म्हणावा इतका लाजरा. वास आला की कळप आपण होऊन आत सरकतो. घात होतो तो कारवीतल्या बोगद्यासारख्या वाटेवर, वारा समोरून असताना आणि आपण गुपचूप चालत असताना, कारण तेव्हा त्याला ना वास येतो ना चाहूल. अशा वाटेवर वळणाच्या आधी काठी आपटा, मोठ्यानं बोला.

ताजं शेण म्हशीच्या पोवासारखं पण जंगलात, आणि खूर बैलापेक्षा रुंद. शेणावर वाफ किंवा ओल असेल तर कळप जवळ आहे. पाचएक मिनिटं थांबा, आवाज करा, मग पुढं जा. दिसलाच तर शंभर मीटर अंतर ठेवायचं. पन्नासच्या आत तर यायचंच नाही. एकटा नर आणि वासरू असलेली मादी यांच्यापासून जास्त जपा.

तो मान खाली घालून फुसफुसतो, खूर आपटतो, किंवा अंग आडवं करून आपली पूर्ण रुंदी दाखवत संथ चालतो. हे आडवं होणं बघून लोक ‘निघाला वाटतं’ समजून मोबाइल काढतात. ती धमकी असते. नजर त्याच्यावर ठेवून, पाठ न फिरवता, तिरकं मागं सरका. एक गोष्ट आधी बघा: तुम्ही त्याच्या आणि जंगलाच्या मध्ये तर उभे नाही ना? एका बाजूला दरी, एका बाजूला माणसं आणि मध्ये गवा, अशा जागी त्याला सुटायला तुमच्यावरूनच वाट उरते. गटानं दोन्ही बाजूंना पांगू नये, एका अंगाला गोळा व्हावं आणि त्याला मोकळी बाजू द्यावी.

धावून आला तर सरळ वाटेनं पळून त्याला हरवता येत नाही. जाड खोडाच्या किंवा मोठ्या धोंड्याच्या आड व्हा. जमलं तर वर चढा. सॅक टाकून दिली तर कधी तो तिच्यावरच डोकं घासतो आणि तेवढीच सवड मिळते. पडलात तर पालथे पडा, हात मानेवर.

कास-बामणोली किंवा महाबळेश्वर-तापोळा रस्त्यावर रात्री दुचाकीवर असाल तर एक लक्षात ठेवा: एक गवा रस्ता ओलांडून गेला की लगेच गाडी दामटू नका. मागं कळप असतो. हॉर्न नको, प्रखर दिवाही नको; थांबून राहा.

साप

सड्यावर आणि कातळावर फुरसं असतं. वीतभर ते हातभर लांब, बोटाएवढं जाड, मातकट. चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करतं. चढताना वरच्या कपारीत न बघता घातलेला हात, बसायला उचललेला दगड, सरपणात घातलेली मूठ, या त्याच्या भेटीच्या जागा. त्यामुळं हात ठेवण्याआधी काठी ठेवायची. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. नाग सहसा वाट सोडतो. मण्यार रात्रीची, उघड्यावर जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसेल असं नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, गिळता येईना, पोट दुखतंय, तर मण्यार चावली असं धरूनच निघा.

चावल्यावर: जागचं हलू नका. अंगठी, पैंजण, बूट काढा. चावलेला हात-पाय हाड मोडल्यासारखा काठी लावून क्रेप बँडेजनं बांधा, बोट आत जाईल इतपत सैल. वेळ लिहून ठेवा. आवळपट्टी नको: रक्त अडतं, फुरसं-घोणसाच्या विषानं आधीच कुजणारा भाग आणखी कुजतो, आणि पट्टी सोडली की साठलेलं विष एकदम पसरतं. चिरा, चोखणं, बर्फ, ॲस्पिरिन यांतलं काहीच नको. साप मारून आणू नका, फोटो जमला तर ठीक. रोग्याला चालवू नका. दोन बांबू आणि एका चादरीची डोली करून न्या. सरकारी रुग्णालयात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. हिरवा चापडा या झाडाझुडपांतल्या सापावर ती नाही. त्याचा दंश सुजतो, खूप दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. तरी दवाखाना चुकवू नये. फुरसं किंवा घोणस असेल तर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांनी गोठलं का बघतात. ही चाचणी केली का, हे नातेवाइकानं विचारायला हरकत नाही.

शिराळ्याच्या नागपंचमीमुळं ‘आपल्याला साप हाताळता येतात’ अशी एक खुमखुमी या भागातल्या पोरांत असते. ती घरी ठेवून या.

अस्वल

गाठ पडण्याची शक्यता कमी, पण पडली तर जखम वाईट. वारूळ उकरताना अस्वलाचं डोकं खड्ड्यात असतं, नजर अधू, ऐकण्याकडं लक्ष नाही. दहा पावलांवर माणूस दिसला की ते पळण्याऐवजी थेट चेहऱ्यावर झेपावतं. नुकतं उकरलेलं वारूळ, खोडावर नखांचे उभे ओरखडे, जांभळाच्या-करवंदाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की सतत बोलत चाला. एप्रिल-मे महिन्यात करवंदांच्या जाळ्यांत पहाटे शिरू नका.

लांबून दिसलं तर हळू मागं. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा बरं चढतं. अंगावर आलं तर पालथं पडा, बोटं मानेमागं गुंफा, कोपर जमिनीला रोवा, चेहरा मातीत. पाठीवरची सॅक काढू नका, तीच ढाल. उलटवू लागलं तर पुन्हा पालथे व्हा. ते गेल्यावरही दोन-तीन मिनिटं तसेच राहा.

बिबट्या

बिबट्या गडापेक्षा गडाच्या वाटेवरच्या उसात जास्त. कराड, वाळवा, शिराळा भागात पहाटे चारला पायथ्याला चालत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उभा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, बसलेला, किंवा लहान मूल वाटतं. म्हणून अंधारात एकट्यानं परसाकडं बसू नका. दुसऱ्यानं बॅटरी घेऊन पाठमोरं उभं राहावं. लाज वाटली तरी चालेल.

समोर आला तर पळू नका, वाकू नका. मूल असेल तर न वाकता उचला. हात वर, सॅक डोक्यावर, मोठ्यानं ओरडा आणि तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरका. झडप घातलीच तर अस्वलासारखं पडून राहायचं नाही. काठी, दगड, बोटं, जे हाताला येईल त्यानं डोळ्या-नाकावर मारा आणि गळा झाका. वाघाशी गाठ पडलीच, आणि सह्याद्रीत वाघ इतके थोडे आहेत की ती पडणं अवघड, तरी हेच.

ऊसतोडीत किंवा कपारीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर नकाच. आई रात्री घ्यायला येते. तिथून निघा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरावर कळवा.

उरलेले

रानडुकरीण पिल्लांसोबत असेल तर वाट सोडा. सुळा मांडीला लागतो, म्हणून कमरेएवढ्या धोंड्यावर चढलात तरी पुरतं. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण त्यांच्या शिकारीजवळ थांबू नये. प्रतापगड-महाबळेश्वरच्या माकडांसमोर पिशवी उघडू नका, दात दाखवून हसू नका, आणि ओढलेली पिशवी सोडून द्या.

धनगराच्या वाड्यावरच्या कुत्र्यांचं काम मेंढरं राखणं हेच आहे, त्यांना तुमच्या ट्रेकचं कौतुक नाही. शंभर पावलांवरूनच हाळी द्या: ‘ओ पाव्हणं, कुत्री आवरा!’ माणूस बाहेर येईपर्यंत जागेवर थांबा. आली अंगावर तर पळायचं नाही, काठी खाली धरून पुढं ठेवायची, दगड उचलायला वाकल्यासारखं करायचं. चावलं किंवा ओरखडलं, कुत्रं असो की माकड, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू. दंडात द्यायची लस असेल तर दिवस ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते सगळीकडं नसतं, आधी फोन करून विचारा.

बाहेर पडायचा हिशेब

जखम झाली तर दवाखाना किती लांब, हे चढायच्या आधी मोजा. वासोट्याच्या माथ्यावरून उतरायला दीडएक तास, डोली असेल तर दुप्पट. पुढं लाँचचा तास-दीड तास. मग बामणोलीहून साताऱ्यापर्यंत घाटाचा रस्ता. म्हणजे दुपारी दोनला साप चावला तर जिल्हा रुग्णालय दिसेपर्यंत रात्रीचे आठ वाजू शकतात. म्हणून लाँचवाल्याचा नंबर गटातल्या दोघांकडं हवा, आणि आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसल्यानं एकानं पुढं पळून निरोप द्यायचा तो कोण, हेही सकाळीच ठरलेलं हवं. कोयना-पाटणकडून येणाऱ्याला कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, चांदोलीकडून येणाऱ्याला शिराळा आणि पुढं सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं. रेंज आली की आधी १०८ लावा, मग घरी.